यमुनाक्कांची सही

यमुनाक्का सही उर्दूत करायच्या. निजामाच्या काळात शाळेत गेलेल्या आमच्याकडच्या पुष्कळ मराठी माणसांसारखं त्यांचंही शिक्षण उर्दूत झालेलं. घरात बोलणं मराठी, दवाखान्यात तेलुगू नाहीतर दखनी, चार ओळींचं पत्र लिहायचं तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि खाली सही मात्र उर्दूत. उजवीकडून सुरुवात करून 'यमुना' एवढंच लिहायच्या. खाली दोन टिंबं, वर एक, आणि शेवटी एक उभी रेघ. ती सही मला आजही डोळे मिटून काढता येते. का येते, तेच सांगायचं आहे.

गौलीगुड्यात आमच्या दोन खोल्यांच्या समोर त्यांची एक खोली होती. माझे वडील बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानात कामाला. आमचं मूळ उदगीरकडचं, त्यांचं भालकीकडचं, त्यामुळे आईला त्या माहेरच्या वाटायच्या. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर मूसी नदीच्या अंगाला असलेल्या एका जुन्या धर्मादाय दवाखान्यात त्यांनी मुलींचा वर्ग सुरू केला होता. नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या मुली तयार करायच्या. रोग्याला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, भरवणं, चादर बदलणं, शी-लघवीचं भांडं देणं. त्यांचं लग्न झालं होतं की नाही याबद्दल गल्लीत दोन मतं होती, आणि विचारायची कुणाचीच छाती नव्हती.

बुटक्या होत्या. मनगटं मात्र बाप्यासारखी. नखं इतकी खोल कापलेली की बोटांची टोकं गोल दिसायची. कुणाकडेही गेल्या तरी पलंगावर बसायच्या नाहीत. "पलंग पेशंटचा असतो," म्हणायच्या. घरात पेशंट नसला तरी. बाजारात चालता चालता पुढच्या बाईकडे हनुवटीने खूण करून पुटपुटायच्या, "हिचा उजवा गुडघा गेला. डाव्यावर सगळं वजन टाकतीय." महिन्यातून एकदा पिशवी घेऊन घरोघरी जुन्या साड्या, जुनी धोतरं मागायच्या. ती उकळून, फाडून रोग्यांच्या अंगाखाली घालायला न्यायच्या. कुणी नायलॉनची साडी पुढे केली की परत द्यायच्या. "ही तुमच्या नवऱ्याला नेसवा. मला सुती द्या."

एकदा त्यांच्या वॉर्डात एक मारवाडी आजोबा आले होते. अर्धांग झालेलं, पण बाईमाणसाचा हात अंगाला लागू देईनात. वॉर्डबॉय रजेवर. मुली घाबरून लांब उभ्या. आक्कांनी स्टूल ओढलं आणि आजोबांकडे पाठ करून बसल्या. दोन दिवस रोज तासभर तशाच पाठमोऱ्या बसून बँडेज गुंडाळायच्या आणि त्यांच्याशी बोलायच्या. बाजारात हळद कशी आहे, यंदा लग्नं किती आहेत. तिसऱ्या दिवशी आजोबाच म्हणाले, "बहनजी, अब इधर देख लो." हे मला त्यांच्या वर्गातल्या सरिताने सांगितलं. आक्का स्वतः असलं काही सांगायच्या नाहीत.

मी इंटरला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास झाले ते साल गल्लीत केबल आलं त्याच्या पुढचं. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता, अमीरपेटला कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि शहराच्या पलीकडे काचेचे मोठेमोठे खाजगी दवाखाने उभे राहत होते. तिथं मुली पाहिजेत, अशी रोज कुठे ना कुठे जाहिरात असायची. आईने मला हाताला धरून समोर नेलं.

"आक्का, हिला तुमच्यात घ्या."

आक्कांनी मार्क विचारले नाहीत. सतरंजीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला उठवून बसव."

मी दोन्ही हात धरले आणि ओढलं. त्या हलल्या नाहीत. पुन्हा ओढलं.

"पोतं हाय का मी?" त्या पडूनच म्हणाल्या. "हात ओढू नये. खांदा जातो म्हाताऱ्या माणसाचा. आणि आधी सांगावं. काय करणार ते सांगावं, मग हात लावावा." मग उठून बसल्या, आईला म्हणाल्या, "शिकंल. पण तिलाच ठरवू दे कुठं शिकायचं ते. मी दोन्ही ठिकाणं दाखवते."

दोन ठिकाणं, कारण माझ्या उशाखाली एक रंगीत कागद होता. विद्यानगरला, युनिव्हर्सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर नवी इन्स्टिट्यूट निघाली होती. निळा कोट, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट, 'परदेशात संधी'. आईने तो कागद आक्कांना दाखवला होता.

आधी त्यांनी मला आपल्या दवाखान्यात नेलं. दारातच म्हणाल्या, "शिकायची जागा निवडायची तर तिथला सगळ्यात जुना पेशंट बघावा. आणि त्याची टाच बघावी. जो पडून असतो, त्याची टाच आधी सडते."

त्यांचा सगळ्यात जुना पेशंट होता बाशामियाँ. पूर्वी टांगा चालवायचा, कमरेखालून गेलेला, दोन वर्षं तिथंच. आक्का त्याच्याजवळ गेल्या. "बाशाभाई, ये लडकी तुम्हारी एडी देखती. दिखाऊँ?"

"देखो अम्मा, देखो," तो हसून म्हणाला. "दुल्हन के पाँवां सरीके रख्के हैं अक्का."

खरंच तशी होती टाच. मऊ, तेल लावलेली, एक भेग नाही. पण मी टाचेकडे बघतच नव्हते. कोपऱ्यात माझ्याच वयाची एक मुलगी भांडं झाकून घेऊन चालली होती, आणि तो वास माझ्या नाकात बसला. खिडक्यांचा रंग उडालेला, पंखा कर्रकर्र करत फिरणारा. शाळेतल्या कुणी मला इथं पाहिलं तर, एवढंच माझ्या मनात.

दुसऱ्या दिवशी विद्यानगरला गेलो. तिथं एअर कूलर होता, भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं चित्र होतं, टाय लावलेले डायरेक्टर सर होते. आक्का आपली जुनी साड्यांची पिशवी काखेत घेऊनच आल्या होत्या. मी त्यांच्यापासून दोन हात लांब उभी राहिले. सरांनी आम्हाला प्रात्यक्षिकाची खोली दाखवली. पलंगावर रबराची मोठी बाहुली झोपवलेली.

"पेशंट कुठंयत?" आक्कांनी विचारलं.

"मॅडम, हाच आमचा मॉडेल पेशंट. इम्पोर्टेड आहे."

आक्कांनी बाहुलीची टाच उचलून बघितली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "हिला शी कधी होती?"

बाकावर बसलेल्या दोन मुली फिस्सकन हसल्या. सर कसनुसे हसले. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मला त्या क्षणी आक्कांची लाज वाटली. त्यांच्या पिशवीची, त्यांच्या चपलांची, त्या शब्दाची. हो, वाटली होती.

मी विद्यानगरला नाव घातलं. आक्कांना सांगायला मी गेलेच नाही, आईला पाठवलं. त्या म्हणाल्या म्हणे, "बरं. मन लागेल तिथं शिकावं."

सहा महिने मी निळा कोट घालून बाहुलीला इंजेक्शन टोचलं, बाहुलीचं ब्लडप्रेशर घेतलं, इंग्रजीत 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू फीलिंग टुडे' म्हणायला शिकले. एकाही जिवंत माणसाला हात लावला नाही. शेवटच्या आठवड्यात सर म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलात घेताना प्रॅक्टिकलचं पत्र मागतात. कुठल्याही दवाखान्याचं चालेल. ते तुमचं तुम्ही बघा."

मी आक्कांकडे गेले. त्या स्टोव्हवर कपडे उकळत होत्या.

"किती दिवस काम केलंस माझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"नाही केलं. पण आक्का, नुसतं लिहूनच द्यायचंय. सगळ्याच मुली आणतात."

"मग मी काय लिहू? हिने काम केलं नाही, असं लिहू?"

त्यांनी काठीने एक साडी उलटी केली.

"तीन महिने ये. सकाळी सातला. मग लिहिते, चांगलं लिहिते."

माझी मुलाखत आठ दिवसांवर होती. मी मान हलवली. त्यांना वाटलं मी कबूल झाले. खूश होऊन म्हणाल्या, "त्या पेटीतल्या दोन साड्या काढ बरं, माझे हात ओले हायत." मी पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या कप्प्यात दवाखान्याचे छापील कागद होते. साड्या काढताना मी त्यातला एक कागद पदराआड घेतला. त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या, पाठमोऱ्या, काठीने कपडे हलवत होत्या आणि मला सांगत होत्या की सातला यायचं म्हणजे पोटात काहीतरी घालून यायचं, रिकाम्या पोटी वास सोसत नाही.

सरिताला आक्कांनी दिलेलं पत्र मी बघायला म्हणून मागून आणलं. मजकूर तसाच उतरवला, नाव बदललं. सही काढायला मात्र सबंध दुपार लागली. मला उर्दू येत नाही. माझ्यासाठी ते अक्षर नव्हतं, चित्र होतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर ते चित्र काढत बसले. वीस-पंचवीसदा काढलं तेव्हा जमलं, असं मला वाटलं.

नोकरी लागली. काचेची दारं, लिफ्ट, माझ्या नावाचा बिल्ला. आईने गल्लीत पेढे वाटले. आक्कांकडेही दिले. त्यांनी पेढा घेतला आणि काही विचारलं नाही. सातला का आली नाहीस, हेसुद्धा नाही.

चौथ्या आठवड्यात माझ्याकडे रुक्मिणम्मा आल्या. पंचाहत्तरीच्या तेलुगू आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. दुपारी त्यांना जेवायला बसवायचं होतं. दोघींनी मिळून करायचं काम, पण दुसरी मुलगी खाली गेली होती आणि मला घाई होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. दोन्ही हात धरले आणि ओढलं. कट्‌ असा आवाज झाला. त्या 'अम्मा' म्हणून अशा ओरडल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डावा खांदा निखळला होता.

मेट्रनने मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्या स्वतःच उठायला गेल्या. रुक्मिणम्मा वेदनेने बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. मेट्रनने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझी फाईल काढली, पत्र बघितलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून यमुनाक्कांना बोलावून घेतलं.

त्या आल्या. तीच पिशवी काखेत. मी टेबलाच्या कडेला उभी होते. मेट्रनने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "सिस्टर, ही मुलगी तुमच्याकडे सहा महिने होती, असं यात आहे. ही सही तुमची आहे का?"

आक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पत्र वाचलं. वर बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच. मग म्हणाल्या, "जरा पेन द्या."

मेट्रनने पेन दिलं. आक्कांनी त्या सहीतल्या 'न'च्या डोक्यावर एक टिंब दिलं.

"नूनवरचा नुक्ता राहिला होता," त्या म्हणाल्या. "घाईत राहतो कधी कधी. सही माझीच."

मेट्रन म्हणाली, "मग तुमच्याकडे सहा महिने शिकलेल्या मुलीला माणूस उचलता येत नाही?"

"नाही येत," आक्का म्हणाल्या. "शिकवण्यात माझंच कमी पडलं. हिला काढू नका. महिनाभर ड्यूटीच्या आधी सकाळी माझ्याकडं पाठवा. महिन्यानं तुम्ही स्वतः बघा. आणि मला त्या आजींना भेटू द्या."

त्या रुक्मिणम्मांच्या खोलीत गेल्या, मी मागे दारात. त्यांनी आजींच्या उजव्या हाताजवळ वाकून तेलुगूत सांगितलं, "तप्पु मादेनम्मा." चूक आमचीच आहे, अम्मा. 'आमची' म्हणाल्या. मग झोळीत अडकवलेला डावा हात आणि खांदा बघितला, हाताखाली आपल्या पिशवीतल्या जुन्या साडीची घडी करून सरकवली. सरकवण्याआधी, आता इथं हात लावते, थोडं दुखेल, असं सांगून. आजींनी डोळे मिटले.

महिनाभर मी सकाळी सातला मूसीकाठी जात होते. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या दारातच मी म्हणाले, "आक्का, ते पत्र..."

"आधी हात धू," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

आक्कांनी मला बोलूच दिलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. खरी गोष्ट ही की मी दुसऱ्यांदा तोंडच उघडलं नाही. आणखी एकोणतीस दिवस होते की माझ्याकडे.

त्या एका महिन्यात मी जे शिकले त्यावर पुढची सगळी नोकरी केली. गुडघे वाकवून कसं उभं राहायचं, रोग्याचं वजन आपल्या छातीकडे कसं घ्यायचं, कुशीवर वळवताना पाठीमागे उशी कुठे द्यायची, भरवताना घास गिळला की नाही हे गळ्याकडे बघून कसं ओळखायचं. बाशामियाँची टाच मी रोज तेल लावून चोळली. भांडंही उचललं. पहिल्या दिवशी उलटी आली तेव्हा आक्कांनी पाठीवर हात फिरवला नाही की रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बाहेर जाऊन ओक आणि परत ये. ते थांबलेत." मी परत आले. महिन्याने मेट्रनने माझं काम बघितलं आणि मला ठेवून घेतलं.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. रुक्मिणम्मांच्या मुलाने तक्रार केली होती, आणि मोठ्या दवाखान्याने धर्मादाय दवाखान्याच्या ट्रस्टला पत्र लिहिलं होतं, की तुमच्याकडच्या शिक्षणाची पत्रं भरवशाची नाहीत. सेक्रेटरींनी आक्कांना बोलावलं. काय बोलणं झालं ते सरिताने मला सांगितलं, ती तेव्हा तिथंच कामाला होती. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही न शिकवता पत्र दिलंत का? आक्का म्हणाल्या, पत्रावर माझी सही आहे, पुढं तुम्ही ठरवा. सेक्रेटरींनी वर्ग बंद केला. त्या वेळी वर्गात सहा मुली होत्या. त्यातल्या दोघी परत शिवणकामाला लागल्या, एकीचं लग्न लावून दिलं, बाकीच्यांचं मला कळलं नाही. कळून घ्यायला गेले नाही म्हणा.

सरिता मला विचारत होती, "मंगल, आक्कांनी खरंच तुला तसं पत्र दिलं? त्या देणाऱ्यातल्या नव्हत्या गं."

मी म्हणाले, "मला काय ठाऊक. त्यांनी दिलं, मी घेतलं."

हे एक वाक्य. पत्र चोरणं, सही करणं, म्हातारीचा खांदा, यातलं काहीही मी एकोणिसाव्या वर्षीची चूक म्हणून कसंतरी बाजूला ठेवू शकते. हे वाक्य ठेवता येत नाही. ट्रस्टचं ऑफिस आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होतं. जाऊन खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि वर्ग राहिला असता. एवढा सरळ हिशोब होता. वडिलांना तेव्हा दम्याने ग्रासलं होतं, घर माझ्या पगारावर आलं होतं, हेही खरं. पण ट्रस्टच्या रस्त्याकडे मी एकदासुद्धा पाऊल टाकलं नाही, आणि टाकलं नाही ते वडिलांच्या दम्यामुळे नाही. बिल्ला काढून ठेवावा लागला असता म्हणून.

आक्का नंतर वर्षभर समोरच राहिल्या. वर्ग बंद झाला तरी वॉर्डात जायच्या. मग गुडघे धरले आणि तेही थांबलं. दारात वेताचा मोडा टाकून बसायच्या. मी ड्यूटीला निघाले की बघायच्या, कधी म्हणायच्या, "बूट चांगले घे. पाय जातात आपल्या कामात." 'आपल्या' म्हणायच्या. मी हो म्हणून भराभर निघून जायची. पुढे पुढे गल्लीच्या मागच्या बाजूने जायला लागले. त्या बाजूने बस स्टॉप लांब पडायचा.

एक दिवस आई म्हणाली, "आक्का चालल्या भालकीला. भावाच्या पोराने बोलावलंय. आज अकराच्या बसने." त्या सकाळीच खोली रिकामी करून गेल्या होत्या. आईने मला डबा दिला, दशम्या आणि चटणी, नेऊन दे म्हणाली. मी डबा घेऊन निघाले आणि गौलीगुड्याच्या बस स्टँडपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत मनाशी पक्कं केलं. खिडकीशी उभं राहून एकच वाक्य बोलायचं. वाक्यही तयार केलं होतं. "आक्का, मी आज ट्रस्टमध्ये जाऊन सगळं सांगणार आहे." खरोखर जाणार होते, असं त्या दहा मिनिटांत मला वाटत होतं.

बस लागलेली होती. माणसं गच्च. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या खिडकीत आक्का होत्या. मांडीवर पिशवी, पायाशी पेटी. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, आणि त्या झोपल्या होत्या. इतक्या गोंगाटात. फळवाला त्यांच्या कानाशी ओरडत होता, शेजारची बाई कुणाशी तरी जागेवरून भांडत होती, आणि आक्का गाढ झोपल्या होत्या. मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. चष्मा नाकावरून घसरला होता. खूप लहान दिसत होत्या.

मी खिडकीखाली उभी राहिले. हात वर केला असता तर त्यांच्या कोपराला लागला असता. कंडक्टरने विचारलं, "एक्कुतावा, अम्मा?" चढणार का? मी नाही म्हणाले. डबा त्या भांडणाऱ्या बाईकडे दिला. खुणेनेच सांगितलं, यांचा आहे. ती 'उठवू का' म्हणून विचारत होती. मी जोरजोरात मान हलवली. नको. झोपू दे.

बस सुटली, फाटकाशी वळली, धुरळा उडाला. त्या उठल्या नाहीत. मी तिथं उभी होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.